रॉनी जेम्स डिओ: एक गळा, अनेक बँड

रॉनी जेम्स डिओ (१९४२–२०१०) हा अमेरिकन गायक हार्ड रॉक आणि हेवी मेटलमधल्या तीन मोठ्या बँडचा मुख्य आवाज होता. गिटारवादक रिची ब्लॅकमोरच्या रेनबोमध्ये तो १९७५ ते १९७८ या काळात गायला, गिटारवादक टोनी आयोमीच्या ब्लॅक सॅबथमध्ये १९७९ ते १९८२ या काळात, आणि त्यानंतर स्वतःचे नाव दिलेल्या डिओ या बँडमध्ये. या तिन्हींच्या आधी एल्फ नावाचा पियानोप्रधान बँड होता. सगळ्यात शेवटी सॅबथमधल्याच जुन्या साथीदारांबरोबर त्याने हेवन अँड हेल हा बँड केला.

बँड बदलणारे गायक रॉकमध्ये पुष्कळ आहेत. बहुतेकांच्या बाबतीत बँडबरोबर गायकीही बदलते, किंवा मधल्या वर्षांत आवाज इतका उतरतो की तुलनेला आधारच उरत नाही. डिओचा आवाज मात्र १९७५ ते १९८५ या दहा वर्षांत जवळजवळ होता तसाच राहिला. सुराची ताकद, शब्दांची स्वच्छ फेक, लांब सुराच्या शेवटी येणारा कंप आणि वरच्या पट्टीत आवाजाच्या कडेला येणारी खर, यांतले काहीच बदलले नाही. त्यामुळे एकाच गळ्याभोवतीची गिटार, ठेका आणि रचना बदलली की गाण्याचे काय होते, हे त्याच्या रेकॉर्डवर फार स्पष्ट ऐकू येते. त्या ऐकण्यातून हाती येणारी मुख्य गोष्ट अशी की, गिटारवादक गायकाला किती जागा देतो आणि ती गाण्यात नेमकी कुठे देतो, यावर गायकाची गायकी मोठ्या प्रमाणात ठरते.

त्याचे मूळ नाव रोनाल्ड जेम्स पॅडव्होना. जन्म न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथचा, घराणे इटालियन वंशाचे, आणि बालपण न्यूयॉर्क राज्यातल्या कोर्टलंड या लहान गावात गेले. गाण्याचे शिक्षण त्याने कधी घेतले नाही. लहानपणापासून तो ट्रम्पेट मात्र शिकला, आणि आपल्या गाण्यातला दमसास त्या वाद्यातून आला असे तो पुढे सांगत असे. ट्रम्पेटमध्ये श्वास पोटातून घ्यावा लागतो, सूर लागताक्षणी पूर्ण लागावा लागतो आणि ओळ संपेपर्यंत हवेचा दाब ढळू द्यायचा नसतो. डिओच्या गाण्यात या तिन्ही गोष्टी आहेत. तो सुराकडे सरकत जात नाही, थेट सुरावर उतरतो. ऑपेराच्या ढंगाने गाणारा मारिओ लान्झा त्याला आवडत असे, आणि एकेक स्वर भरून, पूर्ण उघडून लावण्याची ओढ त्या आवडीशी जुळते. सत्तरच्या दशकातले इयन गिलन किंवा रॉब हॅलफर्ड यांच्यासारखे गायक वरच्या टोकाला गेल्यावर आवाज बारीक करून किंचाळी मारत. डिओ तसे क्वचितच करी. वरचे सूरही तो भरीव आवाजातच लावी, आणि म्हणूनच त्याचा आवाज वजनदार गिटारखाली दबत नसे.

व्यावसायिक गाण्याची सुरुवात पन्नासच्या दशकाच्या अखेरीस झाली. शाळकरी मुलांच्या बँडमध्ये तो आधी बास गिटार वाजवी, मग गाऊ लागला. साठच्या दशकात रॉनी डिओ अँड द प्रॉफेट्स हा त्याचा बँड त्या काळच्या लोकप्रिय पद्धतीची, गुळगुळीत आवाजातली गाणी करत असे. डिओ हे आडनाव त्याने जॉनी डिओ या माफिया गुंडाच्या नावावरून उचलले होते. १९६७ मध्ये इलेक्ट्रिक एल्व्ह्ज हा नवा बँड उभा राहिला. पुढच्या वर्षी झालेल्या मोटार अपघातात त्यांचा गिटारवादक निक पँटास मृत्युमुखी पडला. बँडचे नाव आधी एल्व्ह्ज आणि शेवटी एल्फ झाले.

एल्फचा पहिला अल्बम १९७२ चा. डीप पर्पलचे रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस यांनी तो निर्माण केला. पुढे एल्फ अनेक दौऱ्यांत डीप पर्पलच्या आधी वाजवू लागला. या बँडचे संगीत मिकी ली सोलच्या पियानोभोवती फिरते. बूगी-वूगीची उसळती लय, ब्लूजचा ढाचा, मधूनच जुन्या नाचगाण्यांचा रंग, असा सगळा खुशीचा मामला आहे. इथला डिओ ऐकून रेनबोचा श्रोता चकित होतो. आवाज तोच आहे, पण तो पियानोच्या बरोबरीने उड्या मारतो, शब्द तोडून टाकतो, हसत गातो. पियानोची साथ सतत भरलेली असल्यामुळे लांब सूर धरायला त्याला वावच मिळत नाही. ओळी तोकड्या आणि गाण्यांचे विषय रोजचेच, म्हणजे बायका, प्रवास, दारू आणि गावाकडचे नाच. एल्फ हा चांगला बँड होता, पण अमेरिकेत त्या काळी अशा चांगल्या बँडची वाण नव्हती. १९७४ मध्ये ग्लोव्हरच्या 'द बटरफ्लाय बॉल अँड द ग्रासहॉपर्स फीस्ट' या मुलांच्या पुस्तकावर आधारलेल्या अल्बमसाठी डिओने 'लव्ह इज ऑल' हे गाणे गायले आणि ते युरोपात बरेच गाजले. परीकथेच्या जगात हा आवाज किती सहज वावरतो, हे तिथेच पहिल्यांदा दिसले.

रिची ब्लॅकमोर त्या सुमारास डीप पर्पलमध्ये नाराज होता. बँड सोल आणि फंकच्या दिशेने चालला होता आणि त्याला ते पसंत नव्हते. क्वाटरमास या बँडचे 'ब्लॅक शीप ऑफ द फॅमिली' हे गाणे करण्याची त्याची इच्छा इतरांनी मोडीत काढली, तेव्हा त्याने ते डिओला घेऊन स्वतंत्रपणे करायचे ठरवले. एका गाण्याचा बेत अल्बमपर्यंत गेला. १९७५ मध्ये त्याने डीप पर्पल सोडला आणि एल्फचा गिटारवादक वगळून बाकी सगळा बँड उचलला. म्युनिकमध्ये मार्टिन बर्चच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झालेला 'रिची ब्लॅकमोर्स रेनबो' हा अल्बम त्याच वर्षी आला. पहिलेच गाणे 'मॅन ऑन द सिल्व्हर माउंटन' आणि त्यातला फरक पहिल्या मिनिटातच कळतो. पियानो मागे गेला आहे. गिटारवरचा एक छोटा, ठसठशीत स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतो. रॉकमध्ये याला रिफ म्हणतात आणि सगळी इमारत त्याच्यावर उभी असते. रिफच्या दोन आवर्तनांमध्ये सुटलेल्या जागेत डिओ आपली ओळ टाकतो. गिटार बोलते, गायक उत्तर देतो.

ब्लॅकमोरने अल्बम बाहेर पडताच डिओखेरीज सगळ्यांना बदलले. ढोलांवर कोझी पॉवेल, बासवर जिमी बेन आणि कीबोर्डवर टोनी केरी आले, आणि या संचाने १९७६ मध्ये 'रायझिंग' केला. अल्बममध्ये फक्त सहा गाणी आहेत आणि एकूण लांबी जेमतेम तेहतीस मिनिटे. दुसऱ्या बाजूवर तर दोनच गाणी, दोन्ही आठ मिनिटांच्या वर. त्यांतले 'स्टारगेझर' हे डिओच्या गायकीचा अभ्यास करायचा तर सगळ्यात आधी हाती घ्यावे असे गाणे आहे.

ब्लॅकमोर त्या काळात चेलो शिकत होता आणि या गाण्याची रचना त्या वाद्याशी खेळताना सुचली. म्हणून की काय, त्यातला रिफ गिटारच्या नेहमीच्या चालीचा वाटत नाही. तो जड पावलांनी, पौर्वात्य वळणाच्या स्वरांतून पुढे सरकतो. कथा एका जादूगाराची आहे. ताऱ्यांपर्यंत उडण्याच्या वेडाने तो हजारो गुलामांकडून दगडांचा उंच मनोरा बांधून घेतो आणि शेवटी त्यावरून कोसळून मरतो. डिओने निवेदक म्हणून जादूगाराला घेतले नाही, गुलामाला घेतले. त्यामुळे आवाजात उन्हाचा, थकव्याचा आणि न सुटणाऱ्या आशेचा स्वर येतो. कडव्यांत तो खालच्या आणि मधल्या सुरांत राहतो, प्रत्येक ओळ रिफच्या वजनाने टाकतो. ध्रुवपदात सूर वर चढतो आणि म्युनिक फिल्हार्मोनिक ऑर्केस्ट्राची तंतुवाद्ये त्याच्याखाली पसरतात. खरी कमाल गिटारच्या एकल वादनानंतर आहे. जादूगार पडतो, गाण्याची गोष्ट संपते, आणि तरीही गाणे आणखी जवळजवळ तीन मिनिटे चालते. ऑर्केस्ट्रा एकच आकृती फिरवत ठेवतो आणि डिओ त्यावर मोकळा गातो. तोच तोच आशय वेगवेगळ्या सुरांवर टाकून पाहतो, कधी शब्द लांबवतो, कधी अर्ध्यात तोडतो, कधी नुसत्या आकारावर येतो. स्टुडिओत इतका वेळ गायकाच्या भरवशावर गाणे मोकळे सोडणे हे ब्लॅकमोरसारख्या हट्टी गिटारवादकाकडून अनपेक्षित आहे. पण रेनबोचा ढाचाच असा होता की गिटार आणि गळा आळीपाळीने पुढे येत. एकाची पाळी असताना दुसरा बाजूला होई. पुढच्या 'अ लाइट इन द ब्लॅक' या गाण्यात तेच गुलाम मोकळे होऊन घराची वाट शोधतात.

रेनबोने डिओला शब्दांचे जगही दिले. ब्लॅकमोरला जुन्या युरोपीय संगीताचे वेड होते, आणि त्याच्या सुरावटींना मोटारी आणि बारचे विषय शोभले नसते. राजे, मंदिरे, डोंगर, जादूगार, इंद्रधनुष्य हे सगळे डिओच्या गाण्यात इथून आले आणि शेवटपर्यंत राहिले. या बँडमध्ये त्याच्या आवाजाचा मऊ पदरही ऐकायला मिळतो. 'कॅच द रेनबो' आणि 'टेम्पल ऑफ द किंग' यांमध्ये तो जवळजवळ कुजबुजतो. १९७८ च्या 'लाँग लिव्ह रॉक अँड रोल' या अल्बमच्या शेवटी असलेल्या 'रेनबो आइज' मध्ये ढोल नाहीतच. बासरी, तंतुवाद्ये, हलकी गिटार आणि त्यावर निवांत वाहणारा गळा. असे गाणे त्याने पुढे कुठल्याही बँडमध्ये इतक्या उघडेपणाने केले नाही, आणि ती रसिकांची मोठी हानी आहे.

ब्लॅकमोरला पुढे रेडिओवर वाजतील अशी सोपी प्रेमगीते हवी होती. डिओला ती लिहायची नव्हती. तो बाहेर पडला, त्याच्या जागी ग्रॅहम बॉनेट आला आणि १९७९ मध्ये रसेल बॅलर्डने लिहिलेले 'सिन्स यू बीन गॉन' घेऊन रेनबो विक्रीच्या यादीत वर चढला. बॉनेटचा आवाज डिओइतकाच दणकट होता. तरीही बँड वेगळाच ऐकू येतो, कारण गाण्याची लांबी आणि मोकळी जागा दोन्ही गेली होती.

त्याच वर्षी ब्लॅक सॅबथने आपला गायक ओझी ऑझबर्नला काढले. टोनी आयोमी आणि डिओ लॉस एंजेलिसमध्ये भेटले आणि 'चिल्ड्रेन ऑफ द सी' हे गाणे त्यांनी पहिल्याच बैठकीत उभे केले. सॅबथ हा रेनबोपेक्षा मुळातून निराळा बँड आहे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात किशोरवयात यंत्राखाली आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा वादक असल्यामुळे हीच बोटे तारांवर दाबायची होती. त्याने बोटांना टोपणे बसवली, सैल तारा वापरल्या, पुढे गिटार खालच्या पट्टीत लावली आणि त्यातून एक जड, काळा नाद तयार झाला. सॅबथमध्ये रिफ हाच राजा आहे. ऑझबर्न बहुतेक वेळा रिफच्या सुरांवरूनच गात असे. 'आयर्न मॅन' मध्ये गिटार जे स्वर वाजवते तेच स्वर गायकाच्या तोंडी आहेत. त्याच्या आवाजाची आर्त, एकसुरी धार त्या पद्धतीला शोभतही असे.

डिओने ही पद्धत सोडली. त्याने रिफला आडवी जाणारी, स्वतःची वेगळी चाल बांधायला सुरुवात केली. आयोमीनेही नंतर मुलाखतींतून हा फरक बोलून दाखवला आहे. गायक रिफच्या मागून न जाता रिफच्या वरून जाऊ लागल्यामुळे आयोमीला रिफखालच्या स्वरमेळांचा नव्याने विचार करावा लागला आणि सॅबथच्या गाण्यांना पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने दोन मजले आले. १९८० चा 'हेवन अँड हेल' हा अल्बम याची साक्ष देतो. निर्माता पुन्हा मार्टिन बर्चच होता, त्यामुळे रेनबोशी तुलना आणखी सोपी होते.

याच नावाचे गाणे पाहावे. सुरुवातीला गिटार, बास आणि ढोल मिळून एक संथ, भारदस्त रिफ वाजवतात. कडवे सुरू होताच आयोमी गिटार जवळजवळ थांबवतो. खाली उरतो तो गीझर बटलरचा बास, एका स्वरावर ठकठकत चाललेला, आणि बिल वॉर्डचा ठेका. या रिकाम्या पटांगणात डिओ एकटा उभा राहतो. रेनबोत रिफच्या दोन आवर्तनांमध्ये सापडणारी फट इथे अख्ख्या कडव्याएवढी रुंद झाली आहे. तो ती घाईने भरत नाही. ओळ टाकतो, थांबतो, बासला वाजू देतो, मग पुढची ओळ टाकतो. सुरांची संख्या फार थोडी आहे, पण प्रत्येक सूर पूर्ण दाबाने आलेला. ट्रम्पेटवाल्याची शिस्त इथे जितकी उपयोगी पडली तितकी कुठेच पडली नसेल. शेवटी लय एकदम दुप्पट वेगाने धावू लागते, आवाजही तिच्याबरोबर सुटतो, आणि अगदी अखेरीस शांत गिटारवर गाणे संपते.

शब्दांतही बदल झाला. सॅबथची आधीची गाणी बहुतांशी बटलर लिहीत असे. आता ते काम डिओकडे आले. रेनबोतल्यासारखी सलग कथा त्याने इथे क्वचितच सांगितली. चांगले आणि वाईट एकाच माणसात कसे राहतात, निवड कोण करते, फसवणारा कोण, अशा प्रश्नांभोवती तो प्रतिमा मांडत गेला. अल्बम इंग्लंडमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेला आणि संपत आलेला मानला गेलेला बँड पुन्हा उभा राहिला. तर्जनी आणि करंगळी उभी धरण्याची खूणही डिओने याच दिवसांत रंगमंचावर आणली. दृष्ट लागू नये म्हणून त्याची इटालियन आजी ती खूण करत असे. ऑझबर्न दोन बोटांची शांतीची खूण करायचा, तिची नक्कल डिओला नको होती. आज मेटलच्या कुठल्याही मैफलीत हजारो हात ती खूण करताना दिसतात.

बिल वॉर्ड १९८० च्या दौऱ्यातच गेला आणि विनी अपिसी आला. १९८१ च्या 'मॉब रूल्स' मध्ये ढोल अधिक थेट, अधिक आक्रमक आहेत. 'द साइन ऑफ द सदर्न क्रॉस' हे पावणेआठ मिनिटांचे गाणे 'हेवन अँड हेल' च्याच पद्धतीने बासला आणि गळ्याला जागा देते, पण एकूण अल्बम पहिल्यापेक्षा दाट भरलेला आहे.

त्यानंतरचा 'लाइव्ह इव्हिल' हा मैफलींचा अल्बम तुलनेसाठी फार मोलाचा, कारण त्यात डिओ ऑझबर्नच्या काळातली गाणीही गातो. 'आयर्न मॅन' आणि 'वॉर पिग्ज' मध्ये त्याची अडचण स्पष्ट जाणवते. चाल रिफला बांधलेली, त्यामुळे त्याच्या गळ्याला फिरायला जागा नाही. तो ओळींच्या शेवटी सूर लांबवतो, मधे हुंकार टाकतो, ठिकठिकाणी चाल वर नेतो. ताकद आहे, पण गाणे त्याचे होत नाही. ऑझबर्नच्या साध्या, भेदरलेल्या आवाजात ती गाणी जास्त खरी वाटतात, हे डिओच्या चाहत्यांनीही मान्य करावे. याच अल्बमच्या मिश्रणावरून बँड फुटला. गायकाचा आवाज मोठा ठेवायचा की गिटार, हा वाद इतका विकोपाला गेला की आयोमी आणि बटलर एका बाजूला, डिओ आणि अपिसी दुसऱ्या बाजूला अशी फाळणी झाली. कुणी चोरून आवाज वाढवल्याचा आरोप डिओने नाकारला. दोन वर्षे गाण्यांमध्ये जो जागेचा तोल सांभाळला होता, तोच शेवटी ध्वनिमुद्रणाच्या टेबलावर ढासळला.

१९८२ च्या अखेरीस डिओने स्वतःचा बँड काढला. ढोलांवर अपिसी, बासवर रेनबोतला जिमी बेन, आणि गिटारवर उत्तर आयर्लंडमधला विशीतला तरुण व्हिव्हियन कॅम्बेल. १९८३ च्या 'होली डायव्हर' चा निर्माता खुद्द डिओच होता आणि शीर्षकगीत त्याने एकट्याने रचले होते. ब्लॅकमोर आणि आयोमी हे त्याच्यापेक्षा मोठ्या नावाचे, आपापल्या बँडचे मालक होते. कॅम्बेल त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होता. नाते उलटले, आणि ते गाण्यात ऐकू येते. रिफ आता छोटे, नेटके आणि गायकाच्या ओळीला बेतून कापलेले आहेत. गाणी बहुधा पाच मिनिटांच्या आसपास. एकल वादन चमकदार, वेगवान, पण ठरलेल्या वेळात संपणारे. कडव्यापासून शेवटापर्यंत गळा सतत समोर आहे. 'होली डायव्हर' मध्ये वाऱ्याच्या आवाजानंतर जो रिफ येतो तो आयोमीच्या शाळेतला आहे, पण गायक आत आल्याबरोबर रिफ मागे सरून त्याच्यामागे चालू लागतो.

'डोन्ट टॉक टू स्ट्रेंजर्स' मध्ये त्याने आपल्या दोन्ही जुन्या बँडचे धडे एकत्र केले. सुरुवात रेनबोच्या मऊ गाण्यांसारखी, जवळजवळ अंगाईच्या आवाजात. मग एका झटक्यात सॅबथचे वजन कोसळते. 'रेनबो इन द डार्क' ची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यातली ओळखीची धून गिटारवर नाही, साध्या कीबोर्डवर आहे. गाणे फारच गोड, रेडिओछाप झाले असे डिओला वाटले आणि ते नष्ट करण्याच्या बेतात तो होता. साथीदारांनी थांबवले. पुढे तेच त्याच्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांपैकी एक ठरले. जो गोडवा नाकारून त्याने रेनबो सोडला होता, तो त्याच्या गळ्यात सहज बसत होता. फक्त शब्द त्याचे स्वतःचे, एकटेपणाचे होते.

स्वतःच्या बँडमधल्या गीतांत तो श्रोत्याला थेट उद्देशून बोलतो. रेनबोत तो कथा सांगत होता, सॅबथमध्ये प्रश्न टाकत होता, इथे तो बाजूला पडलेल्या, न समजल्या गेलेल्या मुलांना हाक देतो. १९८४ च्या 'द लास्ट इन लाइन' मध्ये ही हाक सर्वांत बुलंद आहे. या दोन अल्बमची लोकप्रियता प्रचंड होती आणि डिओ म्हणजे हाच आवाज असे बहुतेकांना वाटते. तरीही गायक म्हणून त्याचा पट इथे आक्रसला. विरोध करणारा, अडवणारा, स्वतःची जागा मागणारा बरोबरीचा वादक नसल्यामुळे तो आपल्या सवयींवर विसंबू लागला. इंद्रधनुष्य, आग, राजा आणि स्वप्न या प्रतिमा फिरून फिरून येतात, ओळींच्या शेवटी तेच उद्गार, तीच चढण. कॅम्बेल १९८६ मध्ये गेल्यावर क्रेग गोल्डी आणि १९९० च्या 'लॉक अप द वुल्व्ह्ज' मध्ये अगदी कोवळ्या वयाचा रोवन रॉबर्टसन गिटारवर आले, पण मूळ साचा फारसा बदलला नाही.

बदल झाला तो सॅबथमध्ये परतल्यावर. १९९२ च्या 'डीह्युमनायझर' मध्ये बटलर, आयोमी आणि अपिसी पुन्हा त्याच्याबरोबर होते. परीकथा जवळजवळ हद्दपार झाली. संगणक, दूरचित्रवाणीवरचे धर्मप्रचारक आणि माणसाचे यंत्र होणे हे विषय आले. गिटार पूर्वीपेक्षा खडबडीत, रिफ संथ आणि तुटक. डिओने आवाजही तसाच वापरला. पन्नाशीला पोचलेल्या गळ्यातली खर त्याने लपवली नाही, उलट पुढे आणली. लांब भरीव सूर कमी झाले, शब्द थुंकल्यासारखे फेकले गेले. बँड मात्र टिकला नाही. ऑझबर्नच्या कॅलिफोर्नियातल्या दोन मैफलींत त्याच्याआधी वाजवायला डिओने नकार दिला आणि त्या दोन रात्री रॉब हॅलफर्ड सॅबथबरोबर गायला. डिओने हाच राकट बाज १९९३ च्या 'स्ट्रेंज हायवेज' मध्ये ट्रेसी जी या गिटारवादकाबरोबर पुढे नेला. त्या वळणावर जुने श्रोते दुरावले. २००० मध्ये 'मॅजिका' या सलग कथेच्या अल्बममधून तो पुन्हा आपल्या परिचित जगात आला.

२००६ मध्ये आयोमी, बटलर, अपिसी आणि डिओ शेवटच्या वेळी एकत्र आले. सॅबथचे नाव ऑझबर्नच्या संचासाठी राखलेले असल्यामुळे त्यांनी हेवन अँड हेल हे नाव घेतले. २००९ च्या 'द डेव्हिल यू नो' मध्ये डिओचे वय सहासष्ट होते. वरचे सूर आता जपून लावलेले आहेत आणि मुक्काम मधल्या सप्तकात आहे. 'बायबल ब्लॅक' ची सुरुवात हलक्या गिटारवर, जवळजवळ एकांतातल्या आवाजात होते, आणि जड रिफ आल्यावरही तो घाई करत नाही. तरुणपणी जे ताकदीने साधत होते ते इथे शब्दाच्या वजनाने साधले आहे. हा अल्बम अमेरिकेत पहिल्या दहांत गेला.

मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतून ही सगळी तुलना आणखी पक्की होते, कारण तेच गाणे वेगवेगळ्या संचांबरोबर ऐकता येते. 'कॅच द रेनबो' स्टुडिओत साडेसहा मिनिटांचे आहे. रेनबोच्या १९७७ च्या 'ऑन स्टेज' मध्ये ते पंधरा मिनिटांवर जाते, आणि वाढलेला बराचसा वेळ ब्लॅकमोरच्या गिटारचा आहे. गायक थांबून ऐकतो आणि पुन्हा आत येताना तिच्या आवेगाशी आवाज जुळवून घेतो. 'मॅन ऑन द सिल्व्हर माउंटन' आणि 'हेवन अँड हेल' ही दोन्ही गाणी डिओ बँड ऐंशीच्या दशकात वाजवत असे. तिथे लय चढलेली, गिटार झगमगीत आणि प्रेक्षकांकडून ओळी गाऊन घेण्याचा भाग मोठा. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधल्या ३० मार्च २००७ च्या मैफलीत 'हेवन अँड हेल' पुन्हा आयोमी आणि बटलर यांच्या हाती येते. लय खाली उतरते, बटलरचा बास एका स्वरावर चालू लागतो, आयोमी कडव्यापुरता थांबतो, आणि डिओ १९८० प्रमाणेच ओळीनंतर ओळ न घाई करता टाकत जातो. शेवटची मैफल ऑगस्ट २००९ मध्ये अटलांटिक सिटीत झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोटाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि १६ मे २०१० रोजी ह्यूस्टनमध्ये त्याचा मृत्यू झाला.